मॅच अनपेक्षित कशी?

मे महिन्यातला रविवार, सकाळचे सात. पुण्यातल्या एका पेठेतल्या क्रिकेट क्लबची टेनिस बॉलची स्पर्धा. मैदानाच्या कडेला गुलमोहर फुललेला, पिचवर नुकतंच पाणी मारल्यामुळे मातीचा वास सुटलेला, क्रीझच्या चुन्याच्या रेषा अजून ओल्या. टेबलाशी स्कोअरर काका, समोर रेघांची वही आणि शेजारी लॅपटॉप, कारण गेली काही वर्षं धावफलक वहीतही भरतात आणि क्लबच्या वेबसाइटवरही. टॉस झाला, काकांनी ‘आजची मॅच’वर क्लिक केलं आणि पांढरं पान आलं. सभासदांची यादी उघडत होती, वर्गणीचं पान उघडत होतं, संघांची नावं दिसत होती. फक्त मॅचचं पान पांढरं. वेबसाइट सांभाळणारा इंजिनिअरिंगचा मुलगा एका पायाला पॅड बांधलेलं तसंच ठेवून धावत आला आणि त्यानं सर्व्हरचा एरर लॉग उघडला. शेवटची ओळ होती: ‘सिंटॅक्स एरर, अनएक्स्पेक्टेड टोकन मॅच, एक्स्पेक्टिंग आयडेंटिफायर’. पुढे फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक ९. काकांनी चष्मा वर सरकवून ती ओळ दोनदा वाचली आणि विचारलं, “अरे, क्रिकेट क्लबात मॅच अनपेक्षित कशी असेल?”

प्रश्न साधा होता, आणि तो मनातून जाईना.

तांत्रिक उत्तर असं. वेबसाइट पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेली, लारावेल या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर. होस्टिंगवाल्यांनी सर्व्हरवरचं पीएचपी ७.४ वरून ८ वर नेलं होतं. त्यांचंही चुकलं नव्हतं, ७.४ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं नोव्हेंबर २०२२मध्येच थांबलं. पण नोव्हेंबर २०२०मध्ये आलेल्या ८.० या आवृत्तीत ‘मॅच’ हा शब्द भाषेनं स्वतःकडे घेतला. अनेक पर्यायांतून एक निवडणाऱ्या ‘स्विच’सारखीच, पण काटेकोर तुलना करणारी आणि थेट किंमत परत देणारी एक रचना आली, तिचं नाव ‘मॅच’. त्या दिवसापासून ‘क्लास मॅच एक्स्टेंड्स मॉडेल’, म्हणजे मॅच या वस्तूचा साचा (क्लास) सुरू करणारी ओळ, पीएचपीला वाचताच येत नाही. ‘क्लास’नंतर त्याला नाव हवं असतं, आणि समोर येतो भाषेचा स्वतःचा शब्द. बाकीची साइट मात्र चालू राहते, कारण ऑटोलोडर प्रत्येक क्लासची फाइल गरज पडेल तेव्हाच उघडतो. वर्गणीच्या पानाला मॅचची फाइल लागत नाही, म्हणून ते पान ठणठणीत. हा या चुकीचा सगळ्यात वाईट गुण आहे. व्हर्जन मंगळवारी बदलतं, मुखपृष्ठ उघडतं, सगळे निश्चिंत होतात, आणि रविवारी सकाळी अंपायर उभे असताना पान पांढरं होतं.

शिवाय चूक एका फाइलपुरती नसते. जिथे जिथे ‘मॅच’ लिहून पुढे दोन अपूर्णविरामांची जोडी टाकून ‘फाइंड’ म्हटलंय, त्या प्रत्येक फाइलीत आता वेगळीच तक्रार येते. ‘मॅच’नंतर कंस यायला हवा होता, हे दोन अपूर्णविराम कुठून आले, असं पीएचपी विचारतं. तक्रारीत क्लासच्या नावाचा उल्लेखही नसतो. नवखा माणूस त्या दोन चिन्हांत चूक शोधत अर्धा दिवस घालवतो. या चिन्हाचं पीएचपीतलं जुनं नाव ‘पामायिम नेकुदोतायिम’. हिब्रूत त्याचा अर्थच ‘दोनदा अपूर्णविराम’. पीएचपीचं इंजिन नव्यानं लिहिणारे झीव सुरास्की आणि अँडी गुटमन्स इस्रायलचे, म्हणून त्यांच्या भाषेतला शब्द आत राहून गेला आणि कित्येक वर्षं जगभरच्या एरर लॉगमध्ये दिसत राहिला. आपल्या बोलीतला शब्द असा यंत्राच्या आत जाऊन बसू शकतो, ही गोष्ट मला मोलाची वाटते. पुढे तिच्याकडे यायचंच आहे.

आधी ‘राखीव’ म्हणजे काय ते नीट पाहू, कारण सगळे राखीव शब्द सारखे नसतात. पुणेकराला हे समजायला अवघड नाही. आपल्याकडे सातही वारांच्या पेठा आहेत आणि तरी कुणाचा गोंधळ होत नाही. ‘शनिवारी येतो’ म्हटलं की वार, ‘शनिवारात राहतो’ म्हटलं की पेठ. ‘बुधवारी बुधवारात जाऊन तपकीर गल्लीतून वायर आणली’ या वाक्यात एकच नाव दोनदा येतं, पण प्रत्ययावरून अर्थ कळतो. काही भाषांतले काही शब्द असेच वागतात. पीएचपी ८.१मध्ये ‘इनम’ ही ठरावीक पर्यायांची यादी करणारी नवी रचना आली, पण ‘इनम’ नावाचा क्लास आजही चालतो. पुढे काय आलंय ते पाहून पीएचपी अर्थ लावतं. जावा या दुसऱ्या भाषेच्या दहाव्या आवृत्तीत, २०१८मध्ये, प्रकार न सांगता व्हेरिएबल लिहायला ‘व्हार’ आलं तेव्हाही असंच जपून केलं. त्या नावाचा व्हेरिएबल चालतो, फक्त क्लासला ते नाव देता येत नाही. जावात क्लासचं नाव मोठ्या अक्षरानं सुरू करायची पद्धत असल्यामुळे कुणाचं फारसं अडलंही नाही. पण त्याच जावानं २००४मध्ये पाचव्या आवृत्तीत ‘इनम’ पूर्णपणे ताब्यात घेतला होता. त्याआधी यादीतून एकेक वस्तू काढणाऱ्या ‘एन्युमरेशन’च्या व्हेरिएबलला ‘इनम’ असं लहान नाव देणं इतकं रुळलेलं होतं, की ठिकठिकाणचा जुना कोड नव्या कंपायलरवर अडकला.

पीएचपीतला ‘मॅच’ या दोन टोकांच्या मध्ये आहे. क्लासचं नाव म्हणून तो बंद, पण क्लासच्या आतल्या फंक्शनचं नाव म्हणून खुला, कारण ७.०पासून त्या जागी राखीव शब्द चालतात. म्हणून लारावेलमध्ये वेबपत्ते ठरवणाऱ्या ‘रूट’चं ‘मॅच’ हे फंक्शन अजून जागेवर आहे. क्लबच्या कोडात प्रत्येक षटकाकडून आपल्या मॅचकडे नेणारं ‘मॅच’ नावाचं फंक्शन होतं, त्यालाही काही झालं नाही.

दुसरी जात वेगळी. ‘स्ट्रिंग’ (मजकूर), ‘इंट’ आणि ‘फ्लोट’ (संख्या), ‘बूल’ (हो-नाही) हे माहितीच्या मूळ प्रकारांचे शब्द डिसेंबर २०१५मध्ये ७.०सोबत क्लासच्या नावांतून गेले, ‘ऑब्जेक्ट’ ७.२मध्ये, ‘मिक्स्ड’ ८.०मध्ये, ‘नेव्हर’ ८.१मध्ये. इथे वाचताना अडत नाही. पीएचपी ओळ नीट वाचतं आणि मग स्पष्ट सांगतं, हे नाव राखीव आहे, क्लासला वापरता येणार नाही. कारणही समजण्यासारखं आहे. पीएचपी ५मध्ये फंक्शनच्या कंसात ‘स्ट्रिंग’ लिहिलं, की भाषा त्याचा अर्थ ‘स्ट्रिंग नावाचा क्लास’ असा घ्यायची. साधा मजकूर पाठवला तर संदेश यायचा, इथे स्ट्रिंगचा इन्स्टन्स (त्या क्लासची वस्तू) हवा होता, स्ट्रिंग मिळाली. हा संदेश पाहून डोकं धरून बसलेले लोक आजही सापडतील. तो घोळ मिटवायचा तर शब्द एकाच अर्थाला द्यायला हवा होता, आणि तो मूळ प्रकाराला दिला, हे योग्यच झालं. पण त्याची किंमत दुसऱ्या कुणी मोजली. केकपीएचपी या दुसऱ्या फ्रेमवर्कचा ‘स्ट्रिंग’ २.७मध्ये ‘केकटेक्स्ट’ झाला, त्याचा ‘ऑब्जेक्ट’ २.१०मध्ये ‘केकऑब्जेक्ट’, यी या आणखी एका फ्रेमवर्कनं २.०.१३मध्ये ‘ऑब्जेक्ट’चं ‘बेसऑब्जेक्ट’ केलं. फ्रेमवर्कमागे माणसं असतात, ती आधीच सावध होऊन दुरुस्ती देतात. पेठेतल्या क्लबच्या साइटमागे एकच मुलगा असतो, आणि त्याची पहिली इनिंग चालू व्हायची असते.

इथे बहुतेकांची एक समजूत चुकते. नाव नेमस्पेसच्या, म्हणजे नावांच्या कप्प्याच्या, आत आहे, ‘ॲप’च्या ‘मॉडेल्स’मध्ये आहे, मग भाषेच्या नावाशी टक्कर कशी होईल? होते. ‘स्ट्रिंग’ किती खोल नेमस्पेसमध्ये ठेवला तरी पीएचपी शेवटचा तुकडा पाहून नाकारतं. अक्षरं लहान-मोठी करूनही सुटका नाही, कारण क्लासच्या नावांत ते हा फरक मानत नाही. घर आतल्या वाड्यात असलं तरी पाटी तीच, आणि तपासणी पाटीची होते.

म्हणजे नाव बदलायचं. एवढंच.

पण एवढंच नसतं. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहायची रीत होती, काही घरांत अजून आहे. बोट दोनदा फिरतं आणि नाव बदलतं. मग पुढची कित्येक वर्षं ते जुनं नाव शाळेच्या दाखल्यावर, बँकेच्या पासबुकात, विम्याच्या कागदावर सापडत राहतं, आणि प्रत्येक खिडकीशी विवाहनोंदणीचा दाखला दाखवून सांगावं लागतं की ही आणि ती एकच. क्लासचं नाव बदलताना नेमकं हेच होतं. फायलीतलं नाव म्हणजे ताटातले तांदूळ. खरं काम बाकी जागांत असतं.

त्या मुलानं ‘मॅच’चं ‘सामना’ केलं, रोमन लिपीत. ‘गेम’ सुचलं होतं, ‘फिक्स्चर’ सुचलं होतं, पण मैदानावर हे शब्द कुणी वापरत नाही. सामना निदान वर्तमानपत्रात रोज दिसतो. एडिटरनं फायलींतलं नाव क्षणात बदललं, फाइलचंही बदललं. इथे पहिली काळजी: विंडोजवर लहान आणि मोठ्या अक्षरांतली फाइल एकच मानली जाते, लिनक्स सर्व्हरवर नाही. ‘सामना’ची फाइल लहान एसनं गेली तर लॅपटॉपवर सगळं चालेल आणि सर्व्हर म्हणेल, असा क्लासच नाही. ऑटोलोडरची यादी आधीच बनवून ठेवलेली असेल तर कंपोझर या पॅकेजं सांभाळणाऱ्या साधनाकडून ती पुन्हा बनवून घ्यावी लागते, नाहीतर तो जुन्याच पत्त्यावर जातो.

पान उघडलं आणि दुसरी तक्रार आली, डेटाबेसमध्ये ‘सामनाज’ नावाचं टेबल नाही. लारावेल क्लासच्या नावाचं इंग्रजी पद्धतीनं अनेकवचन करून टेबलाचं नाव स्वतःच ठरवतं. सामन्याचं अनेकवचन सामने हे त्याला ठाऊक नाही, ते मागे एस लावतं. डेटाबेसमध्ये टेबल आहे ‘मॅचेस’. तेव्हा क्लासमध्ये टेबलाचं नाव एका ओळीत स्पष्ट लिहून द्यायचं. टेबलाचं नाव बदलायला जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. स्पर्धा चालू असताना तर अजिबात नाही. मग तिसरी: षटकांच्या टेबलात ‘सामना आयडी’ हा रकाना नाही. कारण सामन्याकडून त्याच्या षटकांकडे जाताना लारावेल मालकाच्या क्लासच्या नावावरून रकाना ओळखतं. आधी तो आपोआप ‘मॅच आयडी’ व्हायचा, आता सांगावा लागतो. गंमत म्हणजे उलट दिशेला, षटकाकडून मॅचकडे जाताना, रकाना फंक्शनच्या नावावरून ठरतो, आणि ते फंक्शन अजून ‘मॅच’च होतं. म्हणून एक दिशा चालू आणि एक बंद. अशी अर्धवट चालणारी गोष्ट समोर आली की माणूस भलत्याच ठिकाणी खणायला लागतो.

या तक्रारी निदान बोलून दाखवतात. न बोलणाऱ्या जास्त जिवावर येतात. धावा दुरुस्त करायची परवानगी फक्त स्कोअररला, आणि तो नियम ‘मॅचपॉलिसी’ नावाच्या फायलीत. लारावेल आता ‘सामनापॉलिसी’ शोधतं, ती सापडत नाही, आणि काकांना ४०३ दाखवून बाहेर ठेवतं. कुठेही एरर नाही, फक्त नकार. कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, मॅचच्या वस्तू जशाच्या तशा बांधून ठेवल्या असतील, तर त्या सोडताना पीएचपीला जुना क्लास मिळत नाही आणि हातात एक अपूर्ण वस्तू येते. कॅश रिकामी केली की ते मिटतं. रांगेत थांबलेल्या कामांचं तसं नाही. निकालाचे ई-मेल पाठवायची कामं जुन्या नावानं रांगेत असतील तर ती आधी संपू द्यावीत आणि मगच नवा कोड चढवावा.

आणि फोटो. प्रत्येक मॅचचे फोटो, खेळाडूंचे फोटो, चषकाचे फोटो एकाच टेबलात होते, आणि फोटो कशाचा आहे हे एका रकान्यात क्लासचं पूर्ण नाव लिहून नोंदवलेलं: ‘ॲप\मॉडेल्स\मॅच’. फ्रेमवर्क हे आपोआप करतं, लिहिणाऱ्याला बहुधा कळतही नाही. आता पान विचारतं, ‘ॲप\मॉडेल्स\सामना’चे फोटो द्या. डेटाबेस खरं तेच सांगतो, असा एकही नाही. एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही, अल्बमच्या जागी नुसती मोकळी चौकट. क्लबच्या सगळ्या वर्षांचे झेल, सगळ्या वर्षांची चिखलानं माखलेली पँट, ट्रॉफी उचललेले हात, सगळं डिस्कवर जागच्या जागी असून पानावर नाही. हे लक्षात आलं संध्याकाळी, कुणीतरी जुना फोटो शोधायला गेलं तेव्हा.

हे सगळं आधी कळू शकतं, आणि त्याला पैसे पडत नाहीत. पीएचपीला कमांड लाइनवर एल हा पर्याय देऊन फाइल दिली की ते ती न चालवता फक्त वाचून तपासतं. आपल्या सगळ्या फायली अशा एकेक करून तपासायच्या. छोट्या क्लबच्या साइटला याला काही मिनिटं पुरतात, आणि ‘मॅच’सारखे व ‘स्ट्रिंग’सारखे दोन्ही प्रकार यात सापडतात. अट एकच: तपासणी नव्या आवृत्तीच्या पीएचपीनं करायची. जुन्यानं तपासलं तर सगळं निर्मळ दिसतं, आणि ही चूक फार जण करतात. होस्टिंगवर टर्मिनलमधली आवृत्ती एक आणि साइट चालवणारी दुसरी, असंही सर्रास असतं. दोन्ही पाहून घ्याव्यात. बाहेरून आणलेल्या पॅकेजांसाठी, नव्या आवृत्तीला कोणतं पॅकेज आडवं येतंय हे कंपोझरला विचारता येतं. शिवाय डेटाबेसमध्ये क्लासची नावं लिहिलेली आहेत का, हा एक शोध हातानं घ्यायचा. तो कोणतीही तपासणी आपल्यासाठी घेत नाही.

नावाचं मात्र मनातून जात नाही. त्या मुलानं ‘मॅच’ हे नाव चुकीचं ठेवलं नव्हतं. ते सगळ्यात बरोबर नाव होतं. मैदानावर सगळे तेच म्हणतात. जे नाव सगळ्यांच्या तोंडी असतं तेच भाषा बनवणाऱ्यांनाही आधी सुचतं, म्हणून लहान, स्वच्छ, नेमकी इंग्रजी नावंच पुढे हातची जातात. माझं मत आता असं झालंय की आपल्या विषयाची नावं आपल्या भाषेतली ठेवावीत. ‘सामना’, ‘षटक’, ‘वर्गणी’, ‘पावती’. हे शब्द कोणत्याही पीएचपीच्या पुढच्या आवृत्तीत राखीव होणार नाहीत, आणि सहा महिन्यांनी वाचणाऱ्यालाही ही वस्तू भाषेची की आपली हे लगेच कळतं.

थेट देवनागरीत लिहिलं तरी पीएचपीला चालतं. ‘सामना’ देवनागरीत लिहून क्लास केला तर तो बिनतक्रार चालतो, कारण इंग्रजी अक्षर-चिन्हांपलीकडचे सगळे बाइट ते नावात स्वीकारतं. पण एक खाच आहे, आणि ती मराठी माणसालाच लागते. समजा मंगल कार्यालयाच्या नोंदणीसाठी कुणी ‘वऱ्हाड’ नावाचा क्लास केला. यातला ऱ दोन प्रकारे टाइप होतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर तो एकच अक्षर म्हणून उमटतो, तीन बाइटांचा. काही कीबोर्डवर साधा र आणि खाली नुक्ता असा जोडून येतो, सहा बाइटांचा. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पीएचपी बाइट मोजतं, त्याच्या लेखी ही दोन वेगळी वऱ्हाडं. एकानं घरून लिहिलं, दुसऱ्यानं ऑफिसातून, आणि क्लास सापडत नाही म्हणून दोघं एकाच शब्दाकडे बघत बसतात. पायथॉन ही भाषा नावं आधी एकरूप करून घेते, तिथे हे होत नाही. पीएचपीत देवनागरी नावं ठेवायचीच तर सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरायचं ठरवावं, किंवा सरळ रोमनमध्ये ‘सामना’ लिहावं. मी दुसरं निवडेन, जीव थोडा खट्टू होत असला तरी.

फोटोंची दुरुस्ती रात्री झाली. लारावेलला एक छोटा नकाशा द्यायचा, की यापुढे रकान्यात क्लासचं पूर्ण नाव न लिहिता ‘मॅच’ एवढाच शब्द लिही आणि तो दिसला की ‘सामना’ क्लास घे. अवतरणचिन्हांत असलेला शब्द भाषा हिसकावत नाही, तिथे ‘मॅच’ राहू शकतो. मग जुन्या ओळी त्याच शब्दावर आणायच्या. मुलानं डेटाबेसचा बॅकअप घेतला, अपडेटची क्वेरी लिहिली, चालवली. उत्तर आलं, शून्य ओळी बदलल्या. मायएसक्यूएल (साइटचा डेटाबेस) अवतरणांतली एकटी उलटी तिरकी रेघ गिळून टाकतं, त्यामुळे ते ‘ॲपमॉडेल्समॅच’ असं सलग नाव शोधत होतं. त्यानं दोन्ही रेघा दुहेरी केल्या आणि पुन्हा एंटर दाबलं. पान ताजं केल्यावर अल्बम वरून खाली भरत गेला. काकांनी वही उघडून तारखा ताडून पाहिल्या. पहिल्या फोटोखाली, क्लासला हात लागला तेव्हा ज्याला हात लागला नव्हता तो मथळा होता: ‘मॅच क्र. १, नाणेफेक’.